एका सेलाचं घर

घड्याळमामांनी आयुष्यात एकही सेल विकत घेतला नव्हता. ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे, कोणी विचारलेलं नसताना सांगायचे, आणि सांगून झाल्यावर समोरच्याच्या तोंडाकडे बघत थांबायचे. समोरचा "असं होय?" म्हणाला की त्यांचा दिवस चांगला जायचा.

नाव त्यांचं काहीतरी होतं, पण पगारपत्रकाबाहेर ते कोणी वापरलं नाही. पाच मजली कचेरीतल्या दोनशे बारा घड्याळांचं काम त्यांच्याकडे, म्हणून घड्याळमामा. एका खांद्यावर घडीची शिडी, दुसऱ्या खांद्यावर पिशवी, कानामागे पेन्सिल. एकतीस वर्षं हा माणूस त्या जिन्यांवरून वर-खाली करत राहिला, आणि एकतीस वर्षांत एकाही साहेबानं त्यांना किती वाजले याखेरीज दुसरं काही विचारलं नाही.

कधीकाळी एका बड्या साहेबाच्या खोलीतलं घड्याळ ऐन बैठकीत बंद पडलं होतं. तेव्हापासून नियम निघाला की दर सहा महिन्यांनी सगळे सेल बदलायचे, घड्याळ चालू असो की बंद. म्हणजे निम्मं आयुष्य शिल्लक असलेले सेल उतरवायचे आणि कचऱ्यात फेकायचे. मामांचा हात काही धजेना. ते सेल पिशवीतून घरी यायला लागले. घरी प्रत्येकाच्या अंगावर पेनानं तारीख पडायची, मग एका छोट्या दिव्याला लावून त्याची परीक्षा व्हायची, आणि मग तो पत्र्याच्या डब्यात जायचा. निवृत्त होताना असे तीन डबे भरले होते. कचेरीनं निरोप समारंभात त्यांना काय दिलं असेल? घड्याळ. त्यातलाही सेल मामांनी त्याच रात्री काढून डब्यात टाकला.

आता या उरलेल्या सेलांची एक खोड असते. दोन सेल एकामागे एक लावले आणि त्यातला एक थकलेला असला, तर तो दुसऱ्यालाही घेऊन बसतो. म्हणून मामांच्या घरात जे काही चालायचं ते एकाच सेलावर चालायचं. कपाटातला दिवा एका सेलावर, रेडिओ उघडून त्यांनी एका सेलावर आणलेला, मोरीतला दिवासुद्धा एका सेलावर, आणि त्याच्या उजेडात साबण कुठे आहे ते हातानंच शोधावं लागायचं. बायको म्हणायची, "दोन सेल जमत नाहीत म्हणता, मग आपल्या दोघांतला थकलेला कोण, ते एकदा सांगून टाका." फटकळ बाई होती. मामा हसायचे नाहीत, पण दुसऱ्या दिवशी तेच वाक्य कचेरीत स्वतःचं म्हणून खपवायचे.

या एकेका सेलासाठी ते होल्डर बनवायचे. त्याला ते 'घर' म्हणायचे. वायरिंगच्या करड्या पाइपाचा बोटभर तुकडा कापायचा. करवतीच्या तुटक्या पात्यानं त्याला उभी फट पाडायची, म्हणजे आत घातलेला सेल बाहेरून दिसतो आणि फटीतून बोट घालून काढता येतो. जुन्या प्लगच्या पितळी पट्ट्या कानशीनं घासून चकचकीत करायच्या. एक पट्टी या टोकाला, एक त्या टोकाला, आणि एकीच्या मागे मोडक्या टॉर्चची स्प्रिंग. पट्टीला तार जोडायला कथलाचा डाग द्यायचा तोही असा की वरून थेंब दिसता कामा नये. विकतच्या होल्डरची स्प्रिंग महिन्याभरात ढिली पडते, मामांचं घर पंधरा वर्षं हलत नव्हतं. हे मात्र खरं होतं. माणसाच्या हातात कला होती, यात वाद नाही.

आणि एक सवय होती. कचेरीच्या गोदामात जादा घड्याळं ठेवलेली असत. त्यांचे सेल काढून ठेवले तर ते चोरीला जायचे, घातलेले ठेवले तर फुकट झिजायचे. म्हणून गोदामाची रीतच होती की घड्याळ बंद ठेवायचं तर सेल उलटा घालायचा. सेल जागेवर राहतो, झिजत नाही, आणि कोणी हिशोब मागितला तर दाखवायला आहे. पुन्हा लागलं की बोटानं फिरवून सुलटा केला, काम सुरू. एकतीस वर्षांत ही गोष्ट मामांच्या बोटांत इतकी मुरली होती की घरी एखादी वस्तू खाली ठेवताना हात आपोआप सेल फिरवायचा. वीज गेली की बायको अंधारात एलईडीचा टॉर्च चाचपायची, बटन दाबायची, आणि टॉर्च ढिम्म. "उलटा आहे गं, उलटा," मामा आतून सांगायचे. तिच्या दृष्टीनं त्या घरातली प्रत्येक गोष्ट लागेल तेव्हाच उलटी असायची.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी ती सकाळी भांडी घासता घासता पडली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. ज्या जिभेनं चाळीस वर्षं मामांचा पिच्छा पुरवला, तिच्यातून आता नुसता एक घोगरा आवाज यायचा, तोही शेजारच्या खोलीत पोचत नव्हता. डॉक्टरांनी सगळं समजावलं, आणि एक गोष्ट दोनदा समजावली. हिला गिळताना त्रास होणार, घशात कफ दाटणार. घुसमटली की ताबडतोब कुशीवर वळवायचं आणि पाठ थोपटायची. मिनिटा-दोन मिनिटांचा खेळ आहे. तिला हाक मारता येत नाही, तेव्हा हाक मारायची काहीतरी सोय करा.

मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती. ती चार दिवसांची रजा काढून आली आणि येताना भिंतीच्या प्लगमध्ये लावायची तयार बेल घेऊन आली. मामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मी काय मेलोय का?" ते म्हणाले.

"बाबा, यात मेलोय कुठून आलं? लावली की वाजते. बघा तरी."

"लावली की वाजते आणि वीज गेली की गप्प. माझी बेल बघ तू, वीज गेली तरी वाजेल."

मुलीनं खोकं कपाटावर ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

आणि मामांनी खरोखरच बेल केली. गजराच्या एका घड्याळातला टिटिट करणारा भाग काढला, तो एका सेलावर चालतो. त्याच्यासाठी नवं कोरं घर बनवलं, आजवर बनवलेल्यांत सगळ्यात देखणं. ते बाहेरच्या बंद गॅलरीत आपल्या कामाच्या फळीवर ठोकलं. तिथून भिंतीच्या कडेनं तार नेली ती थेट आतल्या खोलीत पलंगापर्यंत. तारेच्या टोकाला लाल बटन, तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्याखाली येईल असं. तिनं दाबलं आणि गॅलरीत टिटिट झालं, इतकं खणखणीत की खालच्या मजल्यावरच्या शिलाईवालीनं मशीन थांबवून वर बघितलं. पलंगावर ती अर्ध्या तोंडानं हसली. किती महिन्यांनी हसली. मामांचे डोळे भरून आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या दिवशी त्यांनी जे केलं ते तिच्यासाठीच केलं होतं.

पहिले पंधरा दिवस बेल वाजली की मामा धावायचे. पाणी हवंय, कूस बदलायचीय, माशी बसलीय. मग तिला त्या बटनाची चटक लागली. वाजवायची, मामा हातातलं काम टाकून यायचे, "काय गं?" विचारायचे, तर काही नाही. नुसती बघायची आणि हसायची. दिवसभर छताकडे बघत पडलेल्या बाईला एक माणूस दारात उभा राहिलेला बघायचा होता, एवढंच. बोलता येत असतं तर चार शिव्या देऊन तिनं तेच मागितलं असतं. मामांना हे कळत नव्हतं असं नाही. पण डाग देताना मध्येच उठलं की डाग बिघडतो, आणि बिघडलेला डाग त्यांना बघवत नसे.

"उगाच दाबू नकोस गं," ते म्हणायचे. "सेल काय फुकट येतात?"

फुकटच आले होते सगळे. तीन डबे भरून.

मग एक दिवस तिच्या उशाशी बसून तिला भरवताना बेल दोनदा उगाच वाजली, कारण चमचा तोंडात जाताना तिचा अंगठा आवळला जायचा. मामा उठले, गॅलरीत गेले आणि सेल फिरवून आले. आपण जवळ आहोत तर बेल कशाला? बरोबरच होतं. भरवून झालं की आठवणीनं सुलटा केला. चार दिवसांनी, ती झोपलीय असं बघून, एक नाजूक काम हातात होतं तेवढ्यापुरता उलटा केला. दहा मिनिटांपुरता. मग ती जागी असतानाही दहा मिनिटांपुरता. दहाची वीस कधी झाली, त्याची नोंद मामांनी ठेवली नाही. सेलांवर तारखा घालणारा माणूस, पण ही नोंद ठेवली नाही.

तिला ते कळायचं. बेल वाजली की तिला ती पलंगावर ऐकू यायची, त्यामुळे वाजली नाही की तेही कळायचं. मामा आत आले की ती हसायची नाही, नुसती त्यांच्या बोटांकडे बघायची. मामा उशी सारखी करायचे आणि नजर चुकवायचे.

त्या दिवशी दुपारी गॅलरीत सेल उलटा होता. मामा कानस घेऊन बसले होते. तेवढ्यात खालची शिलाईवाली जिन्यातून हाक मारती झाली. "मामा, घड्याळ मागे पडतंय हो माझं. गिऱ्हाइकं येऊन ओरडतात. बघता का जरा?" तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मामांनी आत डोकावून बघितलं. ती जागी होती, शांत होती. "खाली जातोय गं, आलोच. लागलं तर वाजव," ते म्हणाले. हे असं स्वतःच्या तोंडानं म्हणाले. आणि गेले.

शिलाईवालीचं घड्याळ पाच मिनिटांत नीट झालं. पण शिलाईवाली बाई गुणाची, माणसाची कदर करणारी. तिनं चहा टाकला आणि विचारलं, "मामा, ते सेलाचं घर तुम्ही कसं करता हो? मला नीट सांगा ना एकदा." एकतीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं ते हिनं विचारलं. मग काय, मामा रंगात आले. पाइप कसा कापायचा, पितळ का आणि पत्रा का नाही, स्प्रिंग किती ताणायची. कापडाच्या चिंधीवर खडूनं आकृती काढून दाखवली. बाई मध्येच म्हणाली, "वर मामी एकट्या आहेत ना? उशीर नाही ना होत?" मामांनी बोट वर केलं. "बेल आहे. तिनं नुसतं दाबलं की इथे ऐकू येईल. गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे." आणि दोघंही क्षणभर कान देऊन बसले. वर सगळं गप्प होतं. मामांनी समाधानानं चहाचा घोट घेतला.

ते उठले तेव्हा समोरच्या घड्याळात, त्यांनीच नीट केलेल्या, चार वाजायला पाच मिनिटं होती.

आतल्या खोलीत ती पलंगाच्या कडेला अर्धी घसरली होती. स्वतःच स्वतःला कुशीवर वळवायला बघत असावी. चादर पायाशी गोळा झाली होती. चेहरा निळसर पडलेला, डोळे उघडे, दाराकडे. डावा हात छातीखाली अडकला होता. मामांनी तिला हलवलं नाही. कचेरीतल्या घड्याळात सेकंदकाटा थांबलेला लांबून ओळखणारे डोळे होते ते, त्यांना कळायला वेळ लागला नाही.

ते गॅलरीत गेले. सेल उलटा होता.

आता तो सुलटा करून काय होणार होतं? पण बोटं गेलीच. कदाचित सवयीनं गेली असतील. कदाचित आत्ता फिरवला तर पाऊण तासही मागे फिरेल असं वेड्या मनाला वाटलं असेल. मामांनी फटीतून बोट घातलं, सेल काढला, फिरवला आणि बसवला.

बेल वाजली.

टिटिट, टिटिट, टिटिट, थांबेचना. तिचा अंगठा बटनावरच होता. छातीखाली, सगळ्या अंगाच्या भारानं दाबलेला. ती बोलावत होती. किती वेळ बोलावत होती ते देव जाणे, आणि गेल्यावरही बोलावत होती. मामा फळीला धरून उभे राहिले. सेल काढायचं त्यांना सुचलं नाही, की काढायची हिंमत झाली नाही, ते त्यांचं त्यांना माहीत.

बेल ऐकून शिलाईवाली दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर आली. तिनंच मामीला सरळ केलं. हात सुटला, आणि बेल थांबली.

तिनंच मग सगळ्यांना सांगितलं. आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, रडत रडत सांगितलं. मामा माझ्याकडून वर गेले आणि तेवढ्यात बेल वाजली, मी माझ्या कानांनी ऐकली. मामींनी शेवटची हाक मारली आणि मामा दारात हजर. याहून माणसाला काय हवं? डॉक्टरांनी कागद लिहिता लिहिता मान हलवली. "कफ अडकला. वेळेवर कुशीवर केलं असतं तर कदाचित," ते म्हणाले आणि लगेच मामांच्या खांद्यावर हात ठेवला, "पण तुम्ही तर तिथेच होतात. तुमच्याकडून काही कमी झालं नाही." मामांनी हात पुढे करून कागद घेतला.

मुलगी दुसऱ्या दिवशी पोचली. सगळं आवरल्यावर ती गॅलरीत येऊन त्या बेलीसमोर उभी राहिली. तिनं पितळी पट्टीवरून बोट फिरवलं. मग बापाच्या शेजारी स्टुलावर बसली.

"मी तुम्हाला उगाच बोलले, बाबा. ती विकतची आणली म्हणून वाद घातला. तुमचीच चांगली होती. आईची हाक तुमच्यापर्यंत पोचली."

मामांनी तोंड उघडलं. सांगायचं होतं त्यांना.

"चहा घेतेस?" ते म्हणाले.

जाताना मुलीनं कपाटावरचं खोकं उतरवलं, न उघडलेलं, आणि बरोबर नेलं. बेल तिनं मामांकडून मागून घ्यायचा प्रयत्न केला, आठवण म्हणून, पण मामांनी दिली नाही. ती गेल्यावर ते फळीशी बसले आणि ते पंधरा वर्षं टिकणारं घर त्यांनी पकडीनं फोडलं. ते सहजासहजी फुटत नव्हतं. इतकं पक्कं बनवलं होतं मेल्यानं.

दोन महिन्यांनी शिलाईवालीच्या सासऱ्यांनी अंथरूण धरलं. ती वर आली, जरा संकोचतच.

"मामा, तुमच्या हातची एक बेल आमच्या म्हाताऱ्यांना करून द्याल? मामींच्या बेलीसारखी. माझं मशीन चालू असलं की मला त्यांची हाक ऐकूच येत नाही हो."

मामांना नाही म्हणता येईना. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

त्यांनी आठ दिवस लावले. एका बोटभर तुकड्याला आठ दिवस! पूर्वी तासाभरात करायचे. या वेळी पाइपाला फट पाडली नाही, अख्खी नळीच ठेवली. तळाशी पितळी पट्टीवर प्लास्टिकचा एक जाडसर वायसर बसवला, मधल्या भोकात सेलाचं पुढचं बोंड जेमतेम जाईल एवढा. वर फिरकीचं झाकण. मागची स्प्रिंग काढून टाकली आणि तिथे ताठ पट्टी लावली. मग सेल सुलटा घातला आणि झाकण फिरवलं. बसलं. सेल उलटा घातला. सपाट बूड वायसरवर अडलं, सेल गव्हाच्या दाण्याएवढा वर राहिला, आणि झाकणाचे आटे लागेनात. मामांनी पुन्हा बघितलं. पन्नास वेळा उलटा घालून बघितलं. पन्नास वेळा झाकण बसलं नाही.

शिलाईवाली न्यायला आली तेव्हा तिच्यासमोर त्यांनी ते उघडून दाखवलं. सेलाचं नवं पाकीट फळीवर ठेवलं होतं, दुकानातून आणलेलं. तिनं ते बघितलं आणि तिचे डोळे विस्फारले.

"मामा, तुम्ही? विकत आणले?"

"जुने घालू नका यात. आणि दर महिन्याला बदला. चालू असला तरी बदला."

तिनं नळी हातात फिरवून बघितली. स्वतःही सेल उलटा घालून बघितला, झाकण बसेना तशी हसायला लागली.

"हे भारी केलंत. पण एवढा व्याप कशासाठी? बेलीतला सेल मुद्दाम उलटा कोण घालेल?"

मामांनी तिच्या हातातून नळी घेतली, सेल सुलटा केला, झाकण घट्ट फिरवलं.

"ज्याला बोलावलेलं नको असतं तो," ते म्हणाले.

"तुमचं आपलं काहीतरीच, मामा," शिलाईवाली हसत म्हणाली, आणि बेल पिशवीत घालून जिना उतरून गेली.